नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं

या हकिगतीतल्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. जगभरच्या अहवालांत त्या ग्रीनिचच्या वेळेत दिल्या आहेत, पण आपल्याकडे तो दिवस, लाखो विंडोज यंत्रं एकदम बंद पडली तो 19 जुलै 2024, चहा पिऊन कामाला बसलेल्या माणसांवर कोसळला. त्यामुळे तो आपल्या घड्याळातच वाचायला हवा.

बुधवार, 28 फेब्रुवारी 2024

सुरुवात इथून करावी लागते, कारण सुरुंग याच दिवशी पेरला गेला.

क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली, ऑस्टिनची कंपनी. तिचं ‘फाल्कन’ नावाचं सुरक्षा सॉफ्टवेअर मोठमोठ्या संस्थांच्या विंडोज यंत्रांवर बसवलेलं असतं. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतं. घरातल्या वॉचमनला गेटवर न ठेवता थेट माजघरात राहायला जागा द्यावी, तसं. कारणही रास्त आहे. चोर आता माजघरापर्यंत येतात. पण माजघरातला माणूस अडखळून पडला, तर अख्खं घर हादरतं.

या दिवशी फाल्कनची 7.11 ही आवृत्ती आली. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात. त्या वाटेने होणारे हल्ले ओळखण्याची नवी सोय या आवृत्तीत होती. या सोयीसाठी केलेल्या साच्यात 21 रकाने होते. प्रत्यक्ष माहिती पुरवणारा कोड मात्र 20 रकान्यांचीच माहिती द्यायचा.

एवढीच चूक. एकवीस आणि वीस.

मंगळवार, 5 मार्च

साच्याची चाचणी झाली, ती पास झाली आणि त्याच दिवशी या साच्यावरचा पहिला नियम जगभर रवाना झाला. हे नियम ‘चॅनेल फाइल 291’ नावाच्या फायलीतून जातात. 8 ते 24 एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन नियम गेले. काहीही झालं नाही, कारण या चारही नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असा खुणेचा तारा होता. जिथे काहीही चालतं, तिथे कोणी डोकावून बघत नाही. रिकामा रकाना साडेचार महिने रिकामाच राहिला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळते ती ही गोष्ट. चार वेळा सुखरूप पोहोचलेली गाडी पाचव्यांदा निघते, तेव्हा कोणी तिचं चाक तपासत नाही.

शुक्रवार, 19 जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास

आषाढी होऊन दोन दिवस झाले होते. वारकरी परतीच्या वाटेला लागले होते आणि रविवारी गुरुपौर्णिमा होती. मुंबई-पुण्यात पावसाळ्यातला एक साधा शुक्रवार उजाडायचा होता.

त्या वेळी अमेरिकेच्या मध्य भागातल्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड केंद्रात एक वेगळाच बिघाड सुरू झाला. तिकडच्या काही विमान कंपन्यांचं काम त्याने अडकलं. क्राउडस्ट्राइकशी या बिघाडाचा काडीचा संबंध नव्हता. पण पुढे दिवसभर जो गोंधळ माजला, त्यात हे दोन्ही बिघाड लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळले. ‘मायक्रोसॉफ्ट बंद पडलं’ हे वाक्य त्या मिसळीतून आलं आणि खरं दुखणं ओळखायला त्यामुळे वेळ लागला.

सकाळी 9:15

मुंबईत शेअर बाजार नेहमीसारखा उघडला. दिवसभर तो सुरळीत चालला, हे इथेच सांगून टाकतो.

ऑफिसांत लोक येऊन बसत होते. लॅपटॉप उघडत होते, सर्व्हर तर रात्रभर चालूच होते. सिडनीत दुपारचे पावणेदोन वाजले होते. लंडनमध्ये पहाट व्हायची होती, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीला पंधरा मिनिटं कमी होती. ऑस्टिनमध्ये अजून गुरुवारच होता.

9:39

चॅनेल फाइल 291 मधून दोन नवे नियम सुटले. त्यातल्या एकात एकविसाव्या रकान्यात तारा नव्हता. तिथे खरोखर काहीतरी तपासायचं होतं.

फाल्कन एकविसावा रकाना वाचायला गेलं. तिथे काहीच नव्हतं. मेमरीत जी जागा आपली नाही, तिथे त्याने हात घातला. साध्या प्रोग्रॅमने असं केलं, तर विंडोज त्या प्रोग्रॅमला बाहेर काढतं आणि स्वतः चालू राहतं. कर्नलमधल्या माणसाला बाहेर काढायची सोय नसते. तिथे चूक झाली, की विंडोज स्वतःच थांबतं आणि निळा पडदा दाखवतं.

नियम पाठवण्याआधी ते तपासणारी एक यंत्रणा क्राउडस्ट्राइककडे होती. तिच्यातच एक दोष होता आणि तिने ही फाइल योग्य ठरवून पुढे सोडली. हे नियम टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या यंत्रांवर आणि मग बाकीच्यांवर, असे जात नसत. सगळीकडे एकदम जात. शत्रूचा नवा डाव कळला, की सगळ्या चौक्यांना एकाच वेळी खबर द्यायची, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. पण खबरच नासकी निघाली, तर ती एकाच वेळी सगळ्या चौक्या पाडते.

9:39 ते 10:57

या 78 मिनिटांत जी यंत्रं चालू होती, इंटरनेटला जोडलेली होती आणि ज्यांच्यावर 7.11 किंवा पुढची आवृत्ती होती, ती सगळी यात सापडली. मॅक आणि लिनक्सवाल्यांना काही झालं नाही.

निळा पडदा, थोडी टक्केवारी, रीस्टार्ट. विंडोजचा लोगो. पुन्हा निळा पडदा.

हे चक्र का थांबत नव्हतं, ते नीट समजून घ्यायला हवं. माझ्या लेखी सगळ्या हकिगतीची मेख तिथे आहे. विंडोज सुरू होताना काही ड्रायव्हर अगदी आरंभी, लॉगिनचा पडदा दिसायच्या आधी चढतात. फाल्कन त्यातलंच एक. ते चढलं, की डिस्कवर पडलेली 291 नंबरची फाइल वाचायचं आणि तिथेच कोसळायचं. त्या क्षणी बहुतेक वेळा नेटवर्क अजून उठलेलंच नसे. म्हणजे दुरुस्त फाइल दारापर्यंत आली, तरी दार उघडायला आत कोणी जागं नव्हतं.

गेली पंधरा-वीस वर्षं आम्ही नेटवर्कवाल्यांनी आयुष्य या एका भरवशावर उभं केलं आहे, की यंत्राजवळ जायची गरज नाही. जागेवर बसून हजार यंत्रांवर पॅच मारायचा, सॉफ्टवेअर टाकायचं, पासवर्ड बदलायचा. या सगळ्या सोयींना एक न लिहिलेली अट आहे. समोरचं यंत्र जागं होऊन तुमचं ऐकण्याइतपत शुद्धीवर पाहिजे. 9:39 नंतर ही अट गेली आणि तिच्याबरोबर आमचे लांबचे हातही गेले.

सिडनीत शुक्रवारची दुपार होती. सुपरमार्केटातली पैसे भरायची यंत्रं निळी झाली, विमानतळांवर रांगा लागल्या, टीव्हीच्या स्टुडिओंत पडदे गेले. ऑस्ट्रेलियाला हा दणका भर कामाच्या वेळेत बसला. मग आपल्याकडे.

10:57

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली.

यानंतर जी यंत्रं सुरू झाली, त्यांना काही झालं नाही. ज्यांचा लॅपटॉप त्या 78 मिनिटांत बंद होता, झोपला होता किंवा बॅगेत होता, ते सुटले. एरवी उशिरा येणाऱ्याला आपण बोल लावतो. त्या दिवशी अकरानंतर लॅपटॉप उघडणाऱ्याचं यंत्र शाबूत राहिलं.

आधीच पडलेली यंत्रं मात्र पडलेलीच राहिली. चूक मागे घेतली गेली होती, पण यंत्रांच्या पोटात ती अजून होती.

दुपार

उपाय साधा होता आणि तोच भयंकर होता. यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेचेच ड्रायव्हर चढवून, सुरू करा. सिस्टीम 32 मधल्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरात क्राउडस्ट्राइकचं फोल्डर शोधा. त्यातली 291 नंबरची फाइल पुसा. रीस्टार्ट करा.

चार ओळी. एका यंत्रासाठी पाच-दहा मिनिटांचं काम. पण प्रत्येक यंत्रापाशी माणूस हवा.

त्यात आणखी एक कुलूप होतं. मोठ्या कंपन्या डिस्कवर बिटलॉकर लावतात, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी आतली माहिती उघडता येत नाही. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसायची, तर बहुतेक ठिकाणी यंत्र रिकव्हरी की मागायचं. ही की 48 अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. एक अंक चुकला, की तो गट पुन्हा. फोनवर ‘चार, शून्य, सात, सात, एक, नऊ’ असं कोणी सांगतंय आणि दुसऱ्या टोकाला ज्याने आयुष्यात कधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा, बघितला नाही असा हिशेबनीस ते टंकतोय, हे ज्याने केलंय त्यालाच ती दमछाक कळेल. आणि या कीज जिथे साठवलेल्या असतात, ते सर्व्हरही काही ठिकाणी निळे पडले होते. किल्ल्यांचा जुडगा त्याच बंद खोलीत राहिला होता.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रँट थॉर्नटन या सल्लागार कंपनीतल्या लोकांनी यावर काढलेली युक्ती मला फार भावली. बारकोड स्कॅनर हा संगणकाला कीबोर्डसारखाच वाटतो. तो जे वाचतो, ते टंकल्यासारखं उमटतं. त्यांनी रिकव्हरी कीजचे बारकोड केले. मग अडकलेल्या लॅपटॉपला दुकानात मिळतो तसा साधा स्कॅनर जोडायचा, बारकोड वाचायचा आणि 48 अंक एका बीपमध्ये भरायचे. अडचणीच्या दिवशी शांत डोक्याने केलेलं काम कसं असतं, याचा हा नमुना.

मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या यंत्रांसाठी वेगळाच सल्ला दिला. रीस्टार्ट करा, पुन्हा करा, काहींना 15 वेळा करावं लागलं आहे. ऐकायला तो नवसासारखा वाटतो, पण त्यामागे तर्क होता. सुरू होताना एक शर्यत लागते. नेटवर्क आधी उठलं आणि दुरुस्त फाइल उतरली, तर यंत्र वाचतं. फाल्कनने जुनी फाइल आधी वाचली, तर पडतं. पुन्हापुन्हा शर्यत लावली, की एखादवेळी नेटवर्क जिंकतं. म्हणूनच वायफायपेक्षा केबल लावा, असंही सांगितलं गेलं. केबलचं नेटवर्क लवकर उठतं.

3:15 च्या सुमारास

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांचं निवेदन आलं. हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका कंटेंट अपडेटमधला दोष आहे, तो शोधून दुरुस्त केला आहे, असा त्याचा आशय होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा पहाटेचे पावणेसहा वाजले होते. तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांची उड्डाणं थांबवली गेली होती. ब्रिटनमध्ये स्काय न्यूज काही काळ दिसेनासं झालं होतं आणि फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना पेशंटच्या नोंदी उघडता येत नव्हत्या.

संध्याकाळ

आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांत राहिलं ते विमानतळांवरचं दृश्य. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट यांच्या काउंटरवर चेक-इन हाताने सुरू झालं. बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. दिल्लीत उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलेली लोकांनी पाहिली. मुंबईतही रांगा लांबल्या. पेनाने लिहिलेले ते पास फोटो काढून जपून ठेवले गेले आणि त्यांचं कौतुकही झालं. त्यापलीकडे मला त्यात काउंटरवरची ती माणसं दिसतात. यंत्र गेल्यावर कागद हातात घेऊन, नाव, सीट नंबर, गेट लिहून माणसं पुढे पाठवणारी.

बँकांचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की 10 बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाला आणि तोही सुटला किंवा सुटतो आहे. सर्ट-इनने, म्हणजे देशातल्या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेने, उपायाची सूचना काढली. माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सरकारी एनआयसीचं जाळं सुरक्षित असल्याचं सांगितलं.

रात्र

त्या रात्री जगभरच्या सर्व्हर रूममध्ये एक जुनं, विसरलेलं तंत्र आठवलं गेलं, आणि मला मुळात त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

संगणक चालू करताना एफ 12 दाबला, तर एक पर्याय दिसतो, नेटवर्कवरून बूट. यालाच पीएक्सई म्हणतात आणि बोलताना ‘पिक्सी’. इंटेलने 1990 च्या दशकात ते बसवलं आणि 1999 मध्ये त्याची 2.1 ही आवृत्ती ठरली. त्याचं काम असं चालतं. यंत्राला वीज मिळते. डिस्कवर विंडोज आहे की नाही, ते खराब आहे की चांगलं, याच्याशी नेटवर्क कार्डाला देणंघेणं नसतं. ते थेट केबलवर हाक मारतं, ‘मला पत्ता द्या, आणि सुरू व्हायला काय आणायचं तेही सांगा.’ नेटवर्कवरचा डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि फायलीचं नाव सांगतो. मग टीएफटीपी नावाच्या अतिशय साध्या पद्धतीने, 69 नंबरच्या पोर्टवर मागणी केली, की एक छोटी फाइल येते. टीएफटीपी 1980 च्या दशकाच्या आरंभीचं आहे. त्यात पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही. मूळ पद्धतीत 512 बाइटचा तुकडा पाठवायचा, मिळाल्याची पोच घ्यायची, पुढचा पाठवायचा. विहिरीतून बादली काढून हातोहात पुढे द्यावी तसं. ती छोटी फाइल मोठी फाइल आणते आणि काही मिनिटांत यंत्राच्या मेमरीत एक लहानसं विंडोज किंवा लिनक्स उभं राहतं, डिस्कला हातही न लावता.

आता 19 जुलैच्या यंत्राकडे पाहा. डिस्कवरचं विंडोज सुरू होऊन फाल्कनपाशी पडतंय. पण पिक्सीने उठलेल्या यंत्रात ते विंडोज सुरूच होत नाही. फाल्कन चढत नाही. डिस्क नुसती कपाटासारखी समोर असते. बिटलॉकरची की दिली, 291 पुसली, रीस्टार्ट केलं, की काम झालं. आणि हे सगळं स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं, तर एकाच वेळी अनेक यंत्रांवर चालवता येतं.

मायक्रोसॉफ्टने शनिवार-रविवारी एक दुरुस्ती-साधन दिलं. आधी ते पेन ड्राइव्हवरून चालायचं. काही दिवसांतच त्यात पिक्सीचाही पर्याय आला. ज्या संस्थांनी पिक्सीचा सर्व्हर जिवंत ठेवला होता, बायोसमध्ये तो पर्याय बंद केला नव्हता आणि ज्यांची यंत्रं लॅनच्या केबलवर होती, त्यांना निदान एक हात परत मिळाला. बाकीच्यांनी पेन ड्राइव्ह वाटले. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप वायफायवर असतो, त्याच्यापर्यंत पिक्सी पोचत नाही. तिथे फोन आणि 48 अंक.

पण हा हात किती ताकदीचा आहे, हे सांगायला दहा वर्षं मागे जावं लागेल.

अमेरिकेत अटलांटा शहरात एमरी विद्यापीठ आहे. 14 मे 2014, बुधवार. विंडोज एक्सपीचा आधार संपून पाच आठवडे झाले होते आणि अशा संस्थांमध्ये विंडोज 7 ची इमेज, म्हणजे तयार करून ठेवलेली पूर्ण प्रत, नेटवर्कवरून टाकणं हे रोजचं काम होतं. विंडोज 7 ची एक इमेज चुकून ठरलेल्या थोड्या यंत्रांऐवजी विद्यापीठाच्या सगळ्या विंडोज यंत्रांना गेली. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हरसुद्धा. अशा कामात पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिली पायरी डिस्कचे भाग पाडून ती फॉरमॅट मारायची असते, कारण नवं विंडोज कोऱ्या डिस्कवर चढवायचं असतं. कोणी माणूस शेजारी उभा असता, तर ‘अहो थांबा, यात माझं काम आहे’ म्हणाला असता. नेटवर्कवरच्या आदेशाला असं कोणी थांबवत नाही.

चूक लक्षात आल्याबरोबर तिथल्या लोकांनी आदेश सोडणारा सर्व्हरच बंद केला. पण तोवर तो सर्व्हरही फॉरमॅट झाला होता. त्याचं नाव त्याच यादीत होतं. आदेश त्याने सगळ्यांना दिला आणि स्वतःही पाळला.

मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ तसाच बसलो होतो. ही चूक कुणाच्या निष्काळजीपणामुळे झाली, असं मला वाटत नाही. ‘सगळी यंत्रं’ आणि ‘ही यंत्रं’ या दोन याद्या पडद्यावर एकमेकींखाली असतात, माउसच्या एका ओळीच्या अंतरावर. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थ बँकेतही चुकीच्या यादीला गेलेल्या अशाच आदेशाने हजारो डेस्कटॉप आणि शेकडो सर्व्हर पुसले गेल्याच्या बातम्या होत्या. त्याच हाताने एका रात्रीत दोनशे यंत्रं उभी करता येतात आणि त्याच हाताने दोन हजार कोरी करता येतात. म्हणून सर्व्हरांचा गट वेगळा ठेवायचा, आदेश देणारं यंत्र कुठल्याही यादीत येऊ द्यायचं नाही, आधी एका लॅबवर चालवायचं आणि एक रात्र जाऊ द्यायची. इमेज टाकणाऱ्या प्रत्येकाने हे हाडीमाशी भिनवलेलं असावं, असं मी मानतो. क्राउडस्ट्राइकच्या नियमांना नेमका हाच ‘आधी थोड्यांवर’ टप्पा नव्हता.

शनिवार, 20 जुलै, पहाटे 3

नागरी हवाई वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी पुढे सांगितलं, की या वेळेपासून आपल्या विमानतळांवरच्या कंपन्यांच्या यंत्रणा नेहमीसारख्या चालायला लागल्या. सगळं पूर्वपदावर यायला उड्डाणांचा अनुशेष निघावा लागला, पण काउंटरवरचे पेन खाली ठेवले गेले.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला. पंच्याऐंशी लाख यंत्रं. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. आकडा लहान दिसतो. पण ती यंत्रं कुठे होती, ते पाहा. विमानतळावर, दवाखान्यात, बँकेत, टीव्हीच्या स्टुडिओत. जिथे सुरक्षेवर जास्त खर्च केला जातो, तिथेच ती होती.

पुढचे पाच दिवस

डेल्टा ही अमेरिकी विमान कंपनी इतरांच्या मागे रेंगाळली. पाच दिवसांत तिची सुमारे 7,000 उड्डाणं रद्द झाली. तिचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी नंतर सांगितलं, की 40,000 सर्व्हरना प्रत्यक्ष हात लावून ते परत सुरू करावे लागले आणि कंपनीला 50 कोटी डॉलरचा फटका बसला. एवढी जबाबदारी आपली नाही, असं क्राउडस्ट्राइकने म्हटलं आणि पुढे दोघांत कोर्टकचेरी झाली. त्या वादात इथे शिरत नाही. चाळीस हजार सर्व्हरपाशी चालत गेलेली माणसं, एवढंच त्यातून उचलतो.

29 जुलै

फाल्कन बसवलेली सुमारे 99 टक्के विंडोज यंत्रं परत नेटवर्कवर दिसू लागली. दहा दिवस लागले. फाइल पसरायला 78 मिनिटं लागली होती.

6 ऑगस्ट

क्राउडस्ट्राइकने सविस्तर अहवाल काढला. एकवीस आणि वीस, हे त्यातूनच जगाला नेमकं कळलं. आता रकाने मोजले जातात, मर्यादेबाहेरची मेमरी वाचायच्या आधी तपासणी होते, नियम टप्प्याटप्प्याने जातात आणि कोणता नियम कधी घ्यायचा, यावर ग्राहकालाही थोडा ताबा मिळाला. सप्टेंबरमध्ये कंपनीचे अधिकारी अॅडम मायर्स यांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे माफी मागितली.

त्याच ऑगस्टमधला एक शनिवार, पुण्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेत

मी तिथे अधूनमधून लॅबचं काम बघतो. बाहेर पाऊस, आत बावीस यंत्रं. त्यांच्यावर क्राउडस्ट्राइक कधीच नव्हतं आणि 19 जुलैला तिथे काही झालंही नव्हतं. तरी मला चैन पडेना. पिक्सीचा सर्व्हर कोपऱ्यातल्या टेबलाखाली होता, त्याच्यावर धूळ होती. तीन वर्षांत तो कोणी वापरला नव्हता.

पहिल्या यंत्रावर एफ 12 दाबला. नेटवर्कचा पर्याय नव्हता. बायोसमध्ये गेलो, पर्याय बंद होता. चालू केला, सेव्ह केलं. तिथल्या लॅब सहायकाला म्हटलं, ‘तू मागच्या ओळीपासून सुरू कर, मी पुढून येतो.’ मुलगा म्हणाला, ‘सर, पण काही बिघडलेलं नाहीये ना?’ म्हटलं, ‘नाही, म्हणूनच आज.’

सर्व्हरची यादी उघडून त्यातून सर्व्हरचं स्वतःचं नाव काढलं. अकरा यंत्रांत पर्याय बंद होता, दोन यंत्रांच्या केबल निघालेल्या होत्या, एकाचं नेटवर्क कार्ड मेलं होतं. दोन तास गेले. मग सगळी एकदम सुरू केली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत डीएचसीपी, त्याच्यापुढे टिंब, आणखी टिंब. मग पत्ता मिळाला. एका पाठोपाठ एक, एकवीस पडद्यांवर तोच मेनू उघडला. त्यात सगळ्यात वर आम्ही लिहिलं होतं, ‘डिस्कवरून सुरू करा’. पंधरा सेकंदांनी कोणी काही दाबलं नाही, तर तेच निवडायचं. एकवीसही यंत्रं आपापल्या विंडोजमध्ये गेली आणि मुलाने खिडक्या लावायला सुरुवात केली.